बदरपूर निघून गेल्यावर

दिल्लीतल्या गवंड्याच्या तोंडी ‘बदरपूर’ हा शब्द गावापेक्षा वाळूसाठी अधिक येतो. यमुनेच्या पात्रातली बारीक राखाडी रेती वेगळी आणि हे जाड, तांबूस, कोनदार कणांचे बदरपूर वेगळे. ही वाळू नदीची नव्हे, डोंगराची आहे. अरवलीची जी शेवटची सोंड दिल्लीच्या दक्षिणेत शिरते, तिथला क्वार्टझाइट नावाचा कठीण खडक काही पट्ट्यांत युगानुयुगे कुजत गेला आणि इतका भुसभुशीत झाला, की तो फोडावा लागत नाही, नुसता खणून चाळला की वाळू आणि बजरी हाती येते. दक्षिण दिल्लीच्या कितीतरी घरांच्या भिंतींत हीच वाळू आहे. ती जिथून निघाली त्या भाटी खाणींची जागा आज असोला-भाटी वन्यजीव अभयारण्यात मोडते, आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा लाल किल्ल्याकडे न जाता मी ती जागा पाहायला गेलो.

तुघलकाबाद मेट्रो स्थानकावरून रिक्षाने कर्णीसिंह नेमबाजी केंद्राजवळच्या फाटकापर्यंत पोहोचता येते. आत गेल्यावर पहिला सुखद धक्का असा, की इथले संवर्धन-शिक्षण केंद्र दिल्लीच्या वनखात्याबरोबर आपल्या मुंबईची बीएनएचएस, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, चालवते. त्यांच्या निसर्गफेरीत आम्ही सात-आठ जण होतो. सोबतचा मार्गदर्शक मुलगा विशीतला, बोलण्यात अघळपघळ नाही, आणि फुलपाखरे दाखवायला जितका उत्सुक तितकाच खड्ड्यांबद्दल बोलायलाही.

अभयारण्याचा असोलाकडचा भाग १९८६ साली अधिसूचित झाला आणि भाटीचा भाग १९९१ मध्ये त्याला जोडला गेला. एकूण क्षेत्र सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. या दोन भागांतला फरक पायांना कळतो. असोलाकडे वाट सपाट, बाभळीच्या सावलीतली आहे. भाटीकडे मात्र जमीन एकाएकी संपते आणि समोर खोल, वेड्यावाकड्या काठांची दरी उघडते, जिचा निसर्गाशी काही संबंध नाही, कारण ती माणसांनी फावड्यांनी आणि नंतर यंत्रांनी कोरलेली आहे. अशा दऱ्या एकामागून एक लागतात. मधे कुठे न खणलेल्या मातीची भिंत उरली आहे, तिच्या माथ्यावर एखादे झाड मुळे उघडी टाकून उभे असते, आणि जमिनीची मूळ पातळी कोणती होती हे त्या झाडाकडे पाहूनच समजते.

काही खड्डे खणता खणता भूजलाच्याही खाली गेले. उपसा थांबल्यावर त्यांत पाणी चढले. ‘नीली झील’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध तळे, आणि छायाचित्रांत दिसते तसे ते खरोखर निळे आहे. मला ते सुंदर वाटले, हे कबूल करताना थोडे अवघडल्यासारखे होते. काठाच्या उभ्या भिंतीत पक्ष्यांनी बिळे केली होती आणि पलीकडच्या उतारावर नीलगायींचा कळप पाण्यावर उतरत होता. एवढ्या सौंदर्यापुढे ‘इथे नुकसान झाले आहे’ हे वाक्य मनात धरून ठेवणे कठीण जाते.

मार्गदर्शकाने मात्र आम्हाला काठावर फार वेळ रेंगाळू दिले नाही. त्याने एका उतारावरची मूठभर जमीन उचलून माझ्या तळहातावर ठेवली. मूठ आवळली, उघडली. काहीच जमले नाही. कण सुटे, टोकदार, फिकट गुलाबी, मधे अभ्रकासारखे चमकणारे काहीतरी, आणि ओलावा नावालाही नाही, जरी पावसाळा संपून महिनाही झाला नव्हता. ही माती नव्हे, मातीखालचा खडक आहे, असे तो म्हणाला, आणि वर हिंदीत जोडले, “मिट्टी तो ट्रक में चली गई.” खाणकामात वरचा मातीचा थर आधी वेगळा काढून रचून ठेवायचा आणि शेवटी पुन्हा पसरायचा, ही पद्धत जिथे पाळली जाते तिथे झाडे लावणे तुलनेने सोपे असते. इथे तो थर कुठे गेला ते कोणी पाहिले नाही. त्यामुळे पुनर्स्थापनेची सुरुवात रोपांपासून नव्हे, उतारावरून धावणारे पाणी अडवण्यापासून करावी लागते. नाहीतर रोपाबरोबर खड्डाही पहिल्याच पावसात खाली येतो.

हे काम ज्यांनी अंगावर घेतले ते लष्करी गणवेशातले लोक होते. प्रादेशिक सेनेची १३२ वी इन्फन्ट्री बटालियन, राजपूत रेजिमेंटशी संलग्न, २००० साली याच खाणपट्ट्याच्या हिरवाईसाठी उभारण्यात आली. निवृत्त जवान आले, ओघळींवर दगडी बांध पडले, आणि रोपे खड्डा काढून, पाणी वाहून आणून जगवली गेली. झाडांच्या रांगा अजून ओळखू येतात. कवायतीची सवय झाडांनाही लागली असावी, असे वाटण्याइतक्या त्या सरळ आहेत.

पण हिरवे दिसते ते सगळे त्यांचे नव्हे. बराच भाग विलायती कीकरने, म्हणजे आपल्या उजनीकाठी माजलेल्या वेड्या बाभळीने, व्यापला आहे. ब्रिटिशांनी आणलेले हे झाड उघड्या खडकावरही उभे राहते, म्हणून त्याला शिव्या देणाऱ्यालाही ते मुळापासून उपटून टाकण्याचे धाडस होत नाही. ते काढले की जमीन पुन्हा उघडी पडते, आणि ठेवले तर त्याखाली स्थानिक रोप सहसा वर येत नाही.

जाता जाता खाणमजुरांची वस्ती लागते. इथे खणणारे बहुतेक ओड समाजाचे. मातीकाम हा पिढीजात धंदा, स्वतःला भगीरथाचे वंशज मानणारे. आपल्याकडच्या मातीवडारांची आठवण व्हावी असे. अभयारण्य होण्याच्या सुमारास खाण बंद झाली, म्हणजे त्यांचे कामही बंद झाले, आणि वस्ती हलवण्याचे आदेश १९९६ मध्ये निघाले. ती वस्ती, म्हणजे संजय कॉलनी, आजही तिथेच आहे. जमीन पूर्ववत करण्याच्या चर्चेत या लोकांचा उल्लेख अडथळा म्हणून होतो, हे मला खटकले. मातीचा उतार कसा धरावा हे त्यांच्याइतके कोणाला कळत असेल!

आदल्याच दिवशी मी हरियाणाच्या हद्दीतली मांगर बनी पाहून आलो होतो. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेली ती देवराईच म्हणायची. तिथले झाड कोणी तोडत नाही आणि तिथे खाणही पडली नाही. खडक तोच, पाऊस तोच. तिथे धौ नावाच्या झाडाचे, म्हणजे आपल्या धावड्याच्या सख्ख्या भावाचे, सलग रान आहे, आणि पाचोळ्यात बोटे घातली तर ती दुसऱ्या पेरापर्यंत गार, काळ्या भुग्यात जातात.

म्हणून भाटीत मी धौ कुठे आहे का असे विचारले. मार्गदर्शक थोडा हसला. धौचे बी बहुतेक पोकळ निघते, शेकड्यांनी पेरले तरी मोजकेच रुजते. रोपवाटिकेत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मग तो आम्हाला एका खड्ड्याच्या न खणलेल्या कडेवर घेऊन गेला. तिथे गुडघ्याएवढेही उंच नसलेले, नीलगायींनी खाऊन खाऊन सतरंजीसारखे जमिनीलगत पसरलेले एक झुडूप होते. ते धौ होते. चरणे थांबले तर मधला एखादा फाटा वर निघेल, असे त्याने सांगितले. त्या सतरंजीची एक कड दरीच्या तोंडापर्यंत पोहोचली होती आणि तिच्याखाली अडकलेला पाचोळा मी बोटाने उचकून पाहिला. जेमतेम एका नखाएवढा जाड होता, पण खालची वाळू ओली होती.