पृ. १२ नमुन्यांवरून

आमच्या गटातल्या एकीचा मेसेज एका ओळीचा होता. ‘ताई, मी पान नंबर दिलाच नाहीये, मग हे पृ. १२ आलं कुठून?’ सोबत स्क्रीनशॉट. तिच्या प्रबंधातलं एक वाक्य आणि त्याच्या शेवटी कंसात: (अबक, १९५८, पृ. १२ नमुन्यांवरून).

मी ते तीनदा वाचलं. वाक्य तिचं होतं, पण चूक माझी होती. ती कशी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या गटात दहा-बारा जण साध्या टेक्स्ट फायलींत लिहितात. मार्कडाउनमध्ये (म्हणजे मथळे, ठळक अक्षरं वगैरे साध्या चिन्हांनी दाखवायच्या पद्धतीत) मजकूर, एका वेगळ्या फायलीत सगळी पुस्तकं-लेख, आणि शेवटी पॅनडॉक हा फायलींचं रूप बदलणारा प्रोग्राम चालवून त्याचं वर्ड किंवा पीडीएफ. पॅनडॉक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सुरू केलं. ते मुळात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यामुळे संदर्भ देण्याची सोय त्यात इतकी बारकाईने केलेली आहे याचं मला कधी नवल वाटलं नाही. २००४ साली आलेल्या मूळ मार्कडाउनमध्ये संदर्भांसाठी काहीच नव्हतं. पॅनडॉकमध्ये ॲट चिन्ह आणि पुस्तकाची चावी (पुस्तकांच्या फायलीत त्याला दिलेलं छोटं नाव) लिहिली की संदर्भ तयार. पॅनडॉकचं स्वतःचं मॅन्युअल नेमकं आहे, पण ते सगळ्यांसाठी आहे. म्हणून गटासाठी चार पानांची एक मार्गदर्शिका मी लिहिली होती. तिचा मला अभिमानही होता.

(इथली उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून चाव्या आणि आकडे देवनागरीत लिहिते आहे. आमच्या फायलींत ते रोमन असतात.)

तर तिने लिहिलं होतं [@अबक१९५८, १२ नमुन्यांवरून]. तिला म्हणायचं होतं की हा निष्कर्ष अबक यांनी बारा नमुन्यांवरून काढला. पॅनडॉकचा नियम असा, की चावीनंतर आकडा आला आणि तो कशाचा ते सांगितलं नसेल, तर तो पानाचा धरायचा. बहुतेक वेळा हे सोयीचंच असतं, [@अबक१९५८, ३३] एवढ्यावर काम भागतं. पण इथे बारा हे पान झालं आणि ‘नमुन्यांवरून’ हे त्याचं शेपूट.

गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नव्हती) हे वाक्य चार महिने असंच होतं आणि कुणाला दिसलं नाही. संदर्भ कसा छापायचा हे स्टाइल ठरवते. पॅनडॉक आपणहून जी शिकागो लेखक-वर्ष स्टाइल वापरतं, तिच्यात पानाच्या आकड्याआधी काही लावत नाहीत. त्यामुळे छापून येत होतं (अबक १९५८, १२ नमुन्यांवरून). अगदी तिच्या मनासारखं! शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शकांनी एपीए ही दुसरी स्टाइल मागितली, तिने स्टाइलची फाइल बदलली, आणि एपीएने इमानेइतबारे पानाची खूण लावली. चूक तेव्हा झाली नव्हती, फक्त उघडी पडली होती.

उपाय मॅन्युअलमध्ये आहे. चावीनंतर रिकामा महिरपी कंस द्यायचा: [@अबक१९५८{}, १२ नमुन्यांवरून]. रिकामा कंस म्हणजे ‘पान-बिन काही नाही, पुढचा सगळा मजकूर आहे तसा घ्या’. हे मला माहीत होतं. मी मार्गदर्शिकेत घातलंही होतं, तिसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर’ नावाच्या मथळ्याखाली. ‘इतर’ या मथळ्याखाली कुणी काही शोधत नाही, हे मला इतकी वर्षं लेखन-संपादन करून कळायला हवं होतं.

त्या रात्री मी माझीच मार्गदर्शिका परक्यासारखी वाचायला घेतली. पहिला मथळा ‘ॲट चिन्ह’. दुसरा ‘चौकोनी कंस’. तिसरा ‘उणे चिन्ह’. मग अर्धविराम, मग महिरपी कंस. मी चिन्हांची बाराखडी लिहून ठेवली होती. पण लिहिणारा माणूस ‘आज उणे चिन्ह वापरू’ असं म्हणत येत नाही. त्याच्या हातात अर्धं वाक्य असतं. त्यात लेखकाचं नाव आधीच आलेलं असतं आणि ते कंसात परत नको असतं. उणे चिन्ह हे उत्तर आहे, आणि मी उत्तरांची यादी प्रश्नांशिवाय छापली होती.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहात सगळं एका तक्त्यात घातलं. चौदा ओळी, तीन रकाने. तो तक्ता मला फार आवडला. इतर कुणी तो वाचल्याचा पुरावा नाही.

मग दोघांना विनंती केली: माझ्यासमोर बसा, हे पान उघडा, आणि तुमच्या एका परिच्छेदात चार संदर्भ घाला. मी बोलणार नाही. न बोलणं फार अवघड गेलं. पहिल्याने प्रस्तावना, सूचना, सगळं सोडून थेट पहिल्या राखाडी चौकटीवर उडी मारली आणि तिच्यातला मजकूर उचलून चिकटवला. त्या चौकटीत मी साचा दिला होता: [पूर्वशब्द @चावी, स्थान उत्तरशब्द]. त्याने ‘पूर्वशब्द’ हा शब्द तसाच ठेवला. का ठेवला म्हणून नंतर विचारलं, तर म्हणाला, ‘मला वाटलं लागतो.’ बरोबरच आहे. कोणता शब्द यंत्राचा आणि कोणता माझा, हे त्याने कशावरून ओळखायचं?

दुसरीने चौकोनी कंसात माझीच उदाहरणाची चावी टाकली, जी तिच्या पुस्तकांच्या फायलीत नव्हती. अशा वेळी पॅनडॉक टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) इशारा देतं की हा संदर्भ सापडला नाही, आणि मजकुरात ती चावी ठळक अक्षरांत प्रश्नचिन्हासह छापतं. मी मनात म्हटलं, आता लक्षात येईल. ती म्हणाली, ‘छान, संदर्भ ठळक येतात वाटतं.’ टर्मिनलची खिडकी तिने केव्हाच मागे टाकली होती.

या दोन बैठकींनी माझा एक समज मोडला. मी धरून चालले होते की ज्या चुकीवर इशारा मिळतो तिच्याबद्दल लिहायची गरज नाही, यंत्रच सांगेल. पण इशारा ओळखायलाही तो आधी कुठेतरी पाहिलेला असावा लागतो. म्हणून आता पानावर ते ठळक प्रश्नचिन्ह जसं दिसतं तसं दाखवलं आहे आणि खाली लिहिलं आहे: हे दिसलं तर चावीचं स्पेलिंग तपासा.

तरी जास्त जागा मी मुक्या चुकांना दिली. मुकी चूक म्हणजे जिच्यावर यंत्र काहीच बोलत नाही आणि छापील पान दुरून ठीकच दिसतं. बारा नमुन्यांची ती एक. दुसरी सगळ्यांत नेहमीची: ‘अबक यांच्या मते [@अबक१९५८] पूर ओसरल्यावर…’ याचं होतं ‘अबक यांच्या मते (अबक १९५८) पूर ओसरल्यावर…’. चूक म्हणावी अशी नाही, पण वाचताना खडा लागतो. इथे दोन रस्ते आहेत. नाव वाक्यात आपल्या हाताने लिहायचं असेल तर [-@अबक१९५८], म्हणजे कंसात नुसतं वर्ष येतं. किंवा नाव यंत्राकडूनच घ्यायचं, कंसाबाहेर नुसतं @अबक१९५८ लिहायचं, की ‘अबक (१९५८)’ असं येतं, आणि पान हवं असेल तर त्यापुढे [३३]. माझा कल पहिल्या रस्त्याकडे आहे, कारण मराठी वाक्यात नावाला ‘यांनी’, ‘यांच्या’ लागतं आणि ते वर्षाच्या कंसानंतर लोंबकळलेलं मला बघवत नाही. मार्गदर्शिकेत दोन्ही दिले आहेत, पण क्रम माझ्या आवडीचा आहे. एवढा हक्क लिहिणाऱ्याला असावा.

तिसरी मुकी चूक कमांडची. सायटप्रॉक हा संदर्भ तयार करणारा पर्याय द्यायचा राहिला तर पॅनडॉक तक्रार करत नाही, [@अबक१९५८] जसंच्या तसं छापून मोकळं होतं. माझ्या जुन्या पानावर इथे आणखी एक घोळ होता. मी ते लिहिलं तेव्हा संदर्भांसाठी वेगळा फिल्टर, म्हणजे पॅनडॉकला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावावा लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या २.११ या आवृत्तीपासून ते काम पॅनडॉकच्या पोटातच आलं, आणि माझं पान जुनाच मंत्र पुटपुटत राहिलं. शिवाय आकृत्यांचे क्रमांक देण्यासाठी आमच्यापैकी काही जण क्रॉसरेफ नावाचा फिल्टर लावतात. तोही ॲट चिन्हच वापरतो, म्हणून कमांडमध्ये त्याचा नंबर सायटप्रॉकच्या आधी लागला पाहिजे. उलटं केलं तर सायटप्रॉक आकृतीला पुस्तक समजतं आणि शोधत बसतं. ही चूक मुकी नाही, पण इशारा वाचून कारण कळेल अशी शक्यता कमी.

तळटीपांचं प्रकरणही इथलंच. काही जण हाताने तळटीप करून तिच्या आत संदर्भ घालतात. तळटीपांची स्टाइल असेपर्यंत सगळं छान दिसतं. उद्या लेखक-वर्ष स्टाइल लावली की पानाच्या तळाशी एकेकटे ‘(अबक १९५८)’ उभे राहतात, ज्यांना तळटीप व्हायचं काही कारणच नव्हतं. नुसता चौकोनी कंस लिहिला असता तर तळटीप करायची की नाही हे स्टाइलने ठरवलं असतं. आमच्या गटात स्टाइल बदलते, आणि ती नेहमी शेवटच्या आठवड्यातच बदलते.

संस्थेचं नाव लेखक म्हणून दिलं की त्याचे तुकडे होऊन शेवटचा शब्द आडनाव बनतो, यावर दुहेरी महिरपी कंसाचा उपाय आहे. पण तो पुस्तकांच्या फायलीचा विषय, म्हणून तो मी दुसऱ्या पानावर हलवला. आधी सगळं एकत्रच होतं. दानिएले प्रोचिदा यांनी डायटॅक्सिस म्हणून जी मांडणी केली आहे, तिच्यात डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार आहेत: शिकवणी, कृती, संदर्भ आणि विवेचन. माझं जुनं पान या चारींची खिचडी होतं. पंथ म्हणून मी ते मानत नाही, पण एक वाक्य लिहिताना ‘हे करायला सांगतेय की समजावतेय?’ असं स्वतःला विचारायची सवय मात्र लागली. त्या प्रश्नाने अर्धा मजकूर उडाला.

उडालेल्या शब्दांत ‘सोपं’, ‘फक्त’ आणि ‘अर्थातच’ हेही होते. ‘फक्त महिरपी कंस द्या’ हे वाचून ज्याला जमलं नाही त्याला काय वाटत असेल, हा विचार लिहिताना आला नव्हता. शोधून काढले तेव्हा चार पानांत ‘फक्त’ अकरा वेळा निघालं.

आता पान असं आहे. सुरुवातीलाच एक चौकट, तिच्यात एक पूर्ण छोटी फाइल, तिच्यासाठीची पुस्तकांची फाइल आणि चालवायची पूर्ण कमांड. उचलून चिकटवलं तर तसंच चालतं, कारण लोक तेच करणार आहेत. मग पाच अर्धी वाक्यं: ‘नाव वाक्यात आलंय’, ‘दोन पुस्तकं एकत्र द्यायचीत’ अशी. प्रत्येकाखाली काय लिहायचं आणि काय छापून येतं, एकाखाली एक. दोन पुस्तकांमध्ये अर्धविराम, स्वल्पविराम नाही, एवढंच तिथे सांगितलं आहे. मग मुक्या चुका. चिन्हांची बाराखडी शेवटी आहे, माझ्यासारख्यांसाठी.

‘छापून येतं’ या ओळी मी हाताने लिहीत नाही. एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक उदाहरण पॅनडॉकमधून काढते, दोनदा, एकदा शिकागोत आणि एकदा एपीएत, आणि निकाल पानावर ठेवते. आधीच्या निकालापेक्षा काही वेगळं आलं तर ती थांबते. दोन स्टाइलींची कल्पना अर्थातच (हा ‘अर्थातच’ मी राहू देते) बारा नमुन्यांवरून आली. पहिल्याच दिवशी स्क्रिप्टने माझी स्वतःची दोन उदाहरणं पकडली. दोन्हींत स्वल्पविरामानंतर आकडा होता आणि तो पानाचा नव्हता.

ते वाक्य आता तिला विचारून उदाहरण म्हणून घेतलं आहे. तिने एकच अट घातली, की बाराचे सात करा. केले. काल तिचा मेसेज आला, रिकामा कंस एका सहकाऱ्याने टंकनदोष समजून तीन ठिकाणी खोडला म्हणून. त्यावर काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. तूर्तास त्या उदाहरणाशेजारी ‘हा कंस खोडू नका’ असं लिहून ठेवलं आहे.