१६ डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा

अधिवेशनाच्या मोर्चामुळे व्हेरायटी चौकात पाऊण तास अडकलो, घरी आलो तर मामाजी येऊन बसलेले आणि टीव्हीवर झपाटलेला लागलेला. पोरं बाहुला पाहून खिदळून राहिली होती. मग आठवलं, लक्ष्या गेला तो आजच्याच तारखेला, २००४ मध्ये. किडनीचा आजार, वय फक्त ५०.

लक्ष्मीकांत बेर्डे असं पूर्ण नाव आमच्या घरी कोणीच घेत नसे, लक्ष्याच. मुंबईत साहित्य संघात नोकरी करता करता छोटे रोल, मग टूरटूर नाटक, मग १९८५ चा धूमधडाका, १९८८ चा अशी ही बनवाबनवी आणि मग थांबलाच नाही. हिंदीतही गेला, पण हम आपके हैं कौनमध्ये नोकरच केला त्याला, ते मला कधी पटलं नाही. मला विचाराल तर लक्ष्यासारखा घाबरलेला माणूस दुसऱ्या कोणाला जमला नाही, म्हणजे डायलॉग यायच्या आधीच डोळे घाबरायचे, मग मान, मग आवाज चिरकायचा, आणि आपण डायलॉग ऐकायच्या आधीच हसून मोकळे.

पण १९९२ मध्ये त्याने एक होता विदूषक केला, जब्बार पटेलांचं डायरेक्शन, पटकथा पुलंची, तमाशातून वर आलेल्या सोंगाड्याची गोष्ट, आणि पिक्चर चालला नाही. आम्ही पण त्याच पब्लिकमधले. कॅसेट भाड्याने आणली, वीस मिनिटं झाली तरी कोणी हसेना, तर मी फॉरवर्ड करत कॉमेडी सीन शोधत बसलो आणि शेवटी कॅसेट तशीच परत. पूर्ण पाहिला तो चाळिशी आल्यावर, आणि जाम लाज वाटली स्वतःची.

मामाजी म्हणजे आमच्या खानदानाचे लक्ष्या. लग्न असो की बारसं, नकला त्यांनीच करायच्या. मामी दिवाळीआधी गेली. आज ते गप्पच होते, चहा पण अर्धा ठेवला, तरी पोरांनी धरलंच, आजोबा तात्या विंचूचा आवाज काढा ना. मी नको म्हणायला पाहिजे होतं. म्हटलंच नाही, मला पण ऐकायचाच होता बहुतेक.

काढला त्यांनी. दोनदा. पोरं सोफ्यावरून पडायची बाकी राहिली.

खाली गाडीपर्यंत सोडायला गेलो, थंडी मस्त पडलीये यंदा. कानाला मफलर गुंडाळत म्हणाले, "तुही मामी नेहमी म्हणे, हा आवाज तुमाले जमत नाही."

म्हटलं, "नाही मामाजी, एकदम जमते."

"खोटं बोलून रायला बे," म्हणाले आणि गाडीला किक मारली.