दारू किती प्यायला ते नंतर, आधी नंबरप्लेट सांगा

मी मूळची महाराष्ट्राची, राहते गोव्यात. महाराष्ट्राची गाडी इथे दारू पिऊन चालवल्याच्या केसमध्ये पकडली गेली की त्या दिवशी मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. सकाळी इचलकरंजीहून मामेभावाचा फोन येतो, "काय गं ताई, तुमचे पोलीस बरे आमच्याच गाड्या अडवतात!" आणि अकराच्या चहाला कामावरची मैत्रीण पेपर पुढे सरकवत म्हणते, "आले बघ तुमचे घाटी. प्याले आणि घातली गाडी डिव्हायडरवर." म्हणजे पकडणारेही माझे आणि पकडलेलेही माझेच.

गोव्याबद्दल लिहिताना 'परदेश' म्हणते म्हणून काही जण हसतात. हसा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो खरोखरच परदेश होता आणि दारूच्या बाबतीत पत्रादेवीचा नाका ओलांडला की अजूनही आहे. आपल्याकडून आजरा-आंबोलीमार्गे येणाऱ्या मंडळींना परतीच्या वाटेवर कशाची धास्ती असते? इन्सुलीच्या एक्साइज नाक्याची. डिकीत किती बाटल्या, कपड्यांच्या खाली किती, पुठ्ठ्याच्या खोक्यात काजूगर वर आणि खाली काय, हेच डोक्यात. आंबोलीचा घाट अंधारात चढणाऱ्या ड्रायव्हरच्या पोटात किती आहे, हा प्रश्न आमच्या घरातसुद्धा कोणी विचारलेला मला आठवत नाही.

कायदा मात्र नाक्याच्या अलीकडे-पलीकडे एकच आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे, म्हणजे कागदावर आपण साहेबापेक्षा कितीतरी कडक आहोत. कागदावर.

हेल्मेट नसलं तर पोलीस जागच्या जागी तालांव, म्हणजे दंडाचं चलन, देतो, पैसे भरले की सुटका. दारूचं तसं नाही. १८५ चा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटवता येत नाही, तो कोर्टातच जातो आणि शिक्षा न्यायाधीश ठरवतात. हे मी गावाकडच्या पाहुण्यांना दरवेळी सांगते, कारण "नाक्यावरच मिटवलं, पाचात काम झालं" असं अभिमानाने सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जे दिलं तो दंड नव्हता. आणि तेच लोक संध्याकाळी खुर्चीत रेलून गोव्याचे पोलीस कसे भ्रष्ट, यावर बोलतात!

मी औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या प्रकरणातलं घड्याळ मला जरा जास्त दिसतं. साधारण माणसाच्या रक्तातलं अल्कोहोल तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास उतरत जातं. म्हणजे ज्याच्या रक्तात अपघाताच्या वेळी ६० होतं, त्याचं रक्त तीन तासांनी घेतलं तर तो कायद्याच्या हद्दीत येऊन बसतो. त्याच कायद्याच्या कलम २०२ मध्ये दोन तासांची अट आहे. अटक झाल्यापासून दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही तर त्या माणसाला सोडावं लागतं. अट खरं तर पकडलेल्याच्या बाजूने घातलेली आहे, पोलिसांनी उगाच कोंडून ठेवू नये म्हणून. पण ज्याच्याकडे ओळख आहे, वकील आहे, ठाण्यात येऊन साहेबांशी गप्पा मारत बसणारा कोणी आहे, त्याला दोन तास हाताशी मिळतात. रात्रीची वेळ, आरोग्य केंद्रात डॉक्टर एकच, तोही बाळंतिणीकडे गेलेला. वेळ मुद्दाम घालवला की आपोआप गेला, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळणार? तो वाईटच अर्थ काढतो. मीही काढते.

बाणस्तारीच्या वेळी हेच झालं. रविवार, ६ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. फोंडा-पणजी रस्त्यावरच्या बाणस्तारी पुलावर एका मर्सिडीजने समोरच्या गाड्यांना एकामागून एक उडवलं. तीन माणसं गेली. त्यांत दिवाडी बेटावरचं एक जोडपं होतं. आम्ही म्हार्दोळला राहतो, पणजीला जायचं तर त्याच पुलावरून. दुसऱ्या दिवशी बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, बसमध्ये दुसरा विषय नव्हता, आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं, की लोक गाडीबद्दल किंवा दारूबद्दल फार बोलतच नव्हते. सगळा राग पोलिसांवर होता. गाडी नेमकी कोण चालवत होतं, हे ठरायला एवढा वेळ का? ज्यांची माणसं गेली त्यांना उत्तर कोण देणार? दिवाडीचे लोक रस्त्यावर उतरले, निदर्शनं झाली, पुढे तपास गुन्हे शाखेकडे गेला. आमचे घरमालक, ज्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी अंगणात उभे राहून म्हणाले, "आमकां धरतात आनी व्हडांक सोडटात." आम्हाला धरतात आणि मोठ्यांना सोडतात. फोंड्याकडचे हे लोक एरवी माझ्याशी मराठीत बोलतात, देवळातली आरती मराठीत म्हणतात. राग आला की कोकणी बाहेर पडते.

पुढच्या वर्षी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शची घटना घडली, १९ मे २०२४. दोन तरुण अभियंते गेले, अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, आणि नंतर ससूनमध्ये रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तेव्हा इचलकरंजीचा मामेभाऊ फोनवर संतापाने थरथरत होता आणि माझी गोव्याची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "बघ, तुमच्याकडेपण तेच." त्या आठवड्यात मला कोणी घाटी म्हटलं नाही.

आता यातली मला खटकणारी बाजू. बाणस्तारीनंतर पोलिसांनी नाके वाढवले. बॅरिकेड, अल्कोमीटर, प्रत्येकाला नवी नळी, "फुंक मारा, जोरात, थांबू नका." लोकांनी मागणी केली होती तेच चाललं होतं. आणि मग आमच्याच वाड्यावरच्या एकाला स्कूटरवर धरलं. चांगला माणूस, मुलांना शाळेत सोडणारा, चतुर्थीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधणारा. शनिवारी मित्रांबरोबर बसला होता, अल्कोमीटरने ३० च्या बऱ्याच वरचा आकडा दाखवला. स्कूटर ठाण्यात, त्याची तपासणी, पुढे कोर्ट. वाड्यावर काय प्रतिक्रिया? "गरिबाला धरलं." "घर दोन मिनिटांवर होतं हो." "पंचाला फोन करायला हवा होता." बाणस्तारीच्या वेळी ज्यांनी ओळखीपाळखीला शिव्या घातल्या होत्या, तेच लोक आता आपली ओळख कमी पडली म्हणून हळहळत होते.

त्याची बायको माझी मैत्रीण आहे. दंड भरला तो तिच्या भिशीच्या पैशांतून, मुलीच्या सायकलसाठी लावलेली भिशी. पहिले दोन दिवस ती पोलिसांवर चिडली होती. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "अगो, मी वर्षानुवर्षं बडबडले ते ह्याच्या कानात गेलं नाही. त्या यंत्रात एकदा फुंकलं तर शनिवारी घरी बसतो." मग जरा थांबून, "पण दहा हजार माझे का गेले, ते सांग." मला सांगता आलं नाही. दंडाची रक्कम ठरवताना ती कोणाच्या डब्यातून येणार, याचा विचार कायद्यात कुठे बसवायचा, कोण जाणे. पण नवऱ्याला पोलिसांनी धरलं याचं समाधान वाटणाऱ्या बायका आमच्या वाड्यावर ती एकटीच नाही, एवढं मी खात्रीने सांगते. त्या चारचौघांत बोलत नाहीत. म्हणून 'लोकांची प्रतिक्रिया' म्हणून जे पेपरात येतं, बारमध्ये ऐकू येतं, ते अर्ध्याच लोकांचं असतं.

पर्यटकांचं रडगाणं वेगळं. गोव्यात प्यायची नाही तर कुठे प्यायची, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची जीप दुरूनच ओळखू येते, ती अडवली जाते, आणि मग "आम्हाला लुटतात" सुरू. यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर नाका लावला की आकडा पटकन भरतो, हे पोलिसांनाही माहीत आहे. किती जणांना धरलं तो आकडा पेपरात छापून येतो. त्यांतल्या किती केसेस कोर्टात टिकल्या, किती लायसन्स खरोखर निलंबित झाली, हे मात्र कोणी विचारत नाही. आपण सगळे नाक्यावरच्या वागणुकीवर भांडतो, फाइलचं पुढे काय झालं यावर नाही. माझं भांडण तिथे आहे. बाणस्तारीची फाइल आणि स्कूटरवाल्याची फाइल, दोन्हींवर रक्त किती वाजता घेतलं ते एकाच ठळकपणे लिहिलेलं असावं आणि ज्याला बघायचं त्याला बघता यावं. बाकी पोलीस गोड बोलला की उर्मट, याला मी फार महत्त्व देत नाही.

आणि नाका कुठे लागत नाही तेही सांगते. मार्च-एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्याच्या बाजूला काजूच्या दारूच्या भट्ट्या पेटतात. पहिल्या धारेचा हुर्राक निघतो. त्यात लिम्का, लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची. उन्हातून आलेल्या माणसाला ते सरबतच वाटतं आणि सरबतासारखंच घशाखाली जातं. फेणी प्यायलेला माणूस निदान कबूल तरी करतो की प्यायलोय. हुर्राकवाला शपथेवर सांगतो, "छे, दारू कुठे, हुर्राक घेतला." प्रत्यक्षात त्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, बिअरच्या तिप्पट धरा. दुपारी चारला वाळपईकडून फोंड्याकडे येणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते, मागे बसलेल्याच्या मांडीवर पाच लिटरचा कॅन. यात ना पर्यटक, ना घाटी. शुद्ध गोंयकार. त्या रस्त्यावर दुपारी अल्कोमीटर घेऊन उभा राहिलेला पोलीस मी पाहिलेला नाही, आणि तो उभा राहावा अशी मागणी करणारा माणूसही नाही. गोव्यात रस्त्यांवर वर्षाला अडीचशे ते तीनशे माणसं जातात, त्यांत बहुतेक दुचाकीवरची. पंधरा लाखांच्या राज्याला हा आकडा लहान नाही.

बरं, प्यायलेल्या माणसाने घरी जायचं कसं? सहज विचारते. इथे ओला नाही, उबर नाही. टॅक्सीवाल्यांनी येऊ दिलं नाही. २०१८ पासून गोवा माइल्सचं टॅक्सी ॲप आहे, पण रात्री उशिरा आतल्या गावात गाडी मिळेल तर नशीब. कदंबाची, म्हणजे इथल्या सरकारी सेवेची, शेवटची बस लोक जेवायला बसायच्या आधीच निघून गेलेली असते. दुपारी हाक मारली की थांबणारे, भाडं घेऊन मागे बसवून नेणारे मोटारसायकल पायलट त्या वेळी स्वतःच कुठेतरी बसलेले असतात. वाहतूकमंत्री माविन गुदिन्हो यांनी सुचवलं होतं की गिऱ्हाइकाला जास्त झाली असेल तर बारमालकानेच त्याच्यासाठी गाडीची सोय करावी. पेपरात वाचताना मला ते पटलं होतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या बारमालकाला ते सांगितलं तर तो काउंटरवर ओलं फडकं फिरवत हसत सुटला. "बाय, मी एकदा केलं होतं तसं. फोन करून गाडी बोलावली. तो मनीस उठून माझ्याच अंगावर आला, मला चढली म्हणतोस? चार माणसांत माझी इज्जत काढलीस? आणि गेला की स्कूटर घेऊन. टॅक्सीवाल्याचे रिकाम्या फेरीचे साडेचारशे मी दिले." मी विचारलं, मग पोलिसांना कळवायचं ना, नाका पुढच्याच वळणावर होता. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला दुकान विकायला सांगितलंय. "आणि उद्या तो येईल काय माझ्याकडे?"