दोन पानांवरचं एकच फुलपाखरू

बागेतल्या फुलपाखरांची आणि पतंगांची वही लिहायला लागून मला १४ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मी फक्त नवीन दिसलेलं लिहीत असे. कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू एकदा नोंदवलं, आता रोज रोज काय लिहायचं? त्या वह्या आज उघडल्या की हळहळ वाटते. त्यांत यादी आहे, पण ऋतू नाहीत. चौथ्या वर्षापासून मात्र तारीख, वेळ, ऊन-पाऊस आणि किती दिसली ते लिहायचं, आणि काहीच दिसलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिहायचं, असं ठरवलं.

त्याचं मोल कळलं ते इव्हनिंग ब्राउन या फुलपाखरामुळे. दिवेलागणीला कुंड्यांमागच्या पाचोळ्यातून उठायचं, चार हात लांब जाऊन पुन्हा पाचोळ्यातच बसायचं, अशी याची रीत. माझ्या वहीत त्याला दोन पानं होती. एकावर लिहिलं होतं, ‘मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग.’ दुसऱ्यावर, ‘ठिपके नाहीत, पंखाचं टोक आकडीसारखं, हुबेहूब वाळकं पान.’ दोन निराळ्या जाती समजून मी सहा वर्षं ती वेगळी मांडत होतो. एका रात्री दोन्ही पानांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघतच राहिलो. ठिपकेवाल्याच्या बहुतेक नोंदी पावसाळ्यातल्या, बिनठिपक्यांच्या कोरड्या महिन्यांतल्या. एकाच्या नोंदी विरळ होतात तिथे दुसऱ्याच्या सुरू.

फुलपाखरू एकच, वेश दोन. अळी वाढत असताना हवा कशी आहे यावर पंखांचं रूप ठरतं. ओल्या दिवसांत ते ठिपके शत्रूची चोच अंगाऐवजी पंखाच्या कडेकडे वळवतात. कोरड्या दिवसांत पाचोळ्यात मिसळून निपचित बसणं जास्त उपयोगाचं. पुस्तकात हे सगळं आहेच, पण माझ्याच अक्षरातल्या तारखांनी मला ते सांगितलं, तो आनंद निराळा.

कढीपत्त्याच्या झाडाला तर मी माझी शाळाच मानतो. कॉमन मॉरमॉनची मादी कोवळ्या पानावर पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान अंडं घालते. त्यातून निघणारी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठी झाली की ती हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचलं, तर डोक्यामागून तांबडा दुबेळका अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. कोष करताना स्वतःभोवती रेशमाचा एक धागा कमरपट्ट्यासारखा बांधते. पहिल्यांदा मी असा कोष रोज पाहत होतो, तेव्हा एका सकाळी त्याला बारीक भोक दिसलं. फुलपाखराऐवजी त्यातून इवल्या परजीवी माश्या निघाल्या होत्या. त्या दिवशी वाईट वाटलं. आता त्याही वहीत लिहितो, कारण त्याही बागेतल्याच.

पतंगांसाठी महिन्यातून दोनदा पांढरी चादर टांगून मागे दिवा लावतो. दिव्याच्या ओढीने पतंग झेपावतो, असं आपण म्हणत आलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दिसलं: उडते कीटक आपली पाठ दिव्याच्या बाजूला ठेवून उडतात. उजेड म्हणजे वरची बाजू, या सवयीने ते फसतात आणि घिरट्या घालत राहतात. हे वाचल्यापासून तासाभराने मी दिवा मालवतो. बिचाऱ्यांची रात्र वाया जायला नको.

सध्या लक्ष आहे तगरीवर. तिथे पूर्वी ओलिएंडर हॉकमॉथ या पतंगाच्या जाडजूड हिरव्या अळ्या यायच्या, मानेजवळ दोन निळे डोळे असल्यासारख्या. गेली दोन वर्षं एकही आलेली नाही. आजही पानं उलटून पाहिली, खाली मातीवर लेंड्या शोधल्या. वहीत लिहिलं: तगर, सकाळी सव्वासात, ढगाळ. काही नाही.