डाव्या चपलेचे टोक

अंगठा शिवून घेण्यासाठी बेळगावच्या खडेबाजारात दिलेली अथणीची चप्पल उलटी करून पाहत त्या काकांनी सहज विचारले, "अक्का, डावा पाय घासताय काय हो?" डाव्या चपलेचे टोक पुढून खरवडून पातळ झाले होते आणि उजवीची टाच एका अंगाने दबली होती. एमआरआयची फिल्म मी आजवर निर्विकारपणे पाहत आले आहे. ती चप्पल मात्र मला पाहवेना.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतील आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण ठिकठिकाणी उखडते, आणि हे व्रण डावी-उजवी बाजू समान राखून पडत नाहीत, हे मला पाठ आहे. स्नायूंच्या ताकदीच्या तपासणीत उजव्या पायाला पाचांपैकी पाच आणि डाव्याला चार गुण मिळाले, तेव्हा पाचांपैकी चार म्हणजे विशेष प्रावीण्यच, असे म्हणून मी हसलेही होते. पण तो चार फार ऐसपैस असतो. हाताचा थोडा दाब कसाबसा पेलणारा पाय आणि जवळजवळ धडधाकट पाय, दोघेही त्यातच बसतात.

मला खुपते ते दुबळेपण नव्हे, फरक खुपतो. दोन्ही पाय सारखेच थकले असते, तर मी टिळकवाडीच्या चढावर मुकाट्याने बसले असते. उजवा चालतो म्हणून मी चालते, आणि डावा मागून फरफटत येतो. उन्हाळ्यात अंग तापले की तो आणखी जड होतो, निवले की पुन्हा थोडा वळणावर येतो. उजव्याला त्याचे काहीच नाही. स्वतःच्याच धड पायाचा राग यावा, हे कोणाला सांगायचे?

अण्णांचे म्हणणे, एकाच बैलावर औत ओढले की तोही लवकर बसतो. त्यांना बैलांचे कळते, मज्जारज्जूचे नाही, तरी फिजिओथेरपिस्ट बाईंचा सल्ला याहून फारसा वेगळा नव्हता: दोन्ही पायांनी मिळून व्यायाम केला, तर बळकट पाय दुबळ्याचे काम परस्पर उरकतो, म्हणून डाव्याला एकट्याला करू द्या. त्यामुळे आता संध्याकाळी खुर्चीवर बसून डावा गुडघा सरळ करते. तो थरथरत अर्ध्यावर येतो न येतो, तोच उजवा आगाऊपणे उठू लागतो आणि मला त्याला दटावून खाली बसवावे लागते.