काली परेडच्या भिंतीबाहेरून

गेल्या हिवाळ्यात भोपाळला गेले, तेव्हा तळी आणि सांची पाहण्याआधी मला काली परेड मैदानावरचा, 1984 ची वायुगळती जिथून झाली तो युनियन कार्बाइडचा बंद कारखाना पाहायचा होता. आत जाण्यासाठी लागणारी सरकारी परवानगी माझ्याजवळ नव्हती, म्हणून जे. पी. नगरपाशी रिक्षातून उतरून मी कुंपणभिंतीच्या कडेने चालत राहिले. झाडीच्या वर गंजलेल्या नळ्यांचा सांगाडा दिसत होता आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घरे सुरू होत होती. वस्ती कारखान्याला किती लागून आहे हे वाचलेले होते, पण तो रस्ता मोजक्या पावलांत ओलांडून झाला तेव्हा मी थबकले.

ही कंपनी आपल्याकडे विष घेऊन आली नव्हती. 1934 मध्ये ती कलकत्त्यात आली ती बॅटरीचे सेल बनवायला, आणि अंधारात परसात जाताना आमच्या घरी हाती असणाऱ्या बॅटरीतले एव्हरेडी सेल तिचेच होते. 1959 मध्ये तिने युनियन कार्बाइड इंडिया हे नाव घेतले. साठच्या दशकात तिने मुंबईतील ट्रॉम्बे येथे नाफ्ता या खनिज तेलातल्या द्रवापासून प्लास्टिकसाठी लागणारे इथिलीन काढण्याचा देशातील पहिला प्रकल्प उभारला. अमेरिकेतील मूळ कंपनीकडे 50.9 टक्के भाग होते, म्हणजे मालकी निम्म्याहून जेमतेम अधिक. पुढे जबाबदारी नेमकी कोणाची, या वादात हाच आकडा पुन्हापुन्हा निघत राहिला.

भोपाळचा कारखाना 1969 मध्ये सेविन या कीटकनाशकासाठी सुरू झाला. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अतिशय विषारी रसायन आधी बाहेरून येत असे, परंतु 1980 च्या सुमारास ते इथेच तयार होऊ लागले. हा द्रव सुमारे 39 अंशांनाच उकळतो, त्यामुळे तो सतत थंड ठेवावा लागतो. सेविनचा खप अपेक्षेइतका झाला नाही, खर्चाला कात्री लागली आणि जून 1984 मध्ये टाक्या थंड ठेवणारी यंत्रणाच बंद करण्यात आली. 2 डिसेंबरच्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, उष्णता वाढत गेली आणि सुमारे 40 टन वायू झोपलेल्या शहरावर पसरला; निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी तेव्हा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. हा क्रम भिंतीजवळ उभी राहून मनात पुन्हा जुळवताना मला अपघात हा शब्द अपुरा वाटला, आणि अजूनही वाटतो.

भिंतीसमोर, रस्त्याच्या कडेला, रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने 1985 मध्ये घडवलेले आई आणि मुलांचे शिल्प आहे. त्याच्या चौथऱ्यापाशी मी बराच वेळ बसले.

कंपनी इथून टप्प्याटप्प्याने निघून गेली. 1989 मध्ये भारत सरकारशी 47 कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड झाली, 1994 मध्ये तिने भारतातील आपले भाग विकले, 1998 मध्ये ही जमीन राज्य सरकारकडे परत गेली आणि 2001 मध्ये मूळ कंपनीच डाऊ केमिकलने विकत घेतली. 2010 मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. सेलचा व्यवसाय नव्या मालकाकडे नीट चालत राहिला. आवारात साठवलेला 337 टन विषारी कचरा मात्र जानेवारी 2025 मध्ये, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, इंदूरजवळच्या पिथमपूरला नेऊन पुढे जाळण्यात आला, आणि जमिनीत मुरलेले विष अद्याप तिथेच आहे.

परतताना गल्लीतल्या नळावर हंडे भरणाऱ्या एका मावशींशी बोलणे झाले. पलीकडच्या हापशीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “नळ येईपर्यंत आम्ही हिचंच पाणी प्यायलो.” एवढे बोलून त्यांनी भरलेला हंडा उचलला आणि दुसरा नळाखाली लावला.