तुम्ही विचारलंत म्हणून: शार्क्सचं पुढे काही खरं आहे का?

सॅन होजेत राहणारा आणि तरीही बर्फावरची हॉकी मन लावून बघणारा मराठी माणूस आमच्या ओळखीत मी एकटाच. त्यामुळे शार्क्सबद्दल, म्हणजे इथल्या हॉकी संघाबद्दल, कोणाला काही वाटलं की तो मलाच गाठतो. ऑफिसातले विचारतात, भाचा विचारतो, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत पुढे उभे असलेले काका मागे वळून विचारतात, “काय हो, तुमच्या शार्क्सचं पुढे काही खरं आहे का?” त्यातला ‘तुमच्या’ हा शब्द मला नेहमी टोचतो. दरवर्षी नापास होणाऱ्या पोराच्या बापाशी बोलावं, तसा तो सूर असतो.

विचारणाऱ्यांची चूक नाही. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाचे हंगामात ८२ सामने होतात. २०२३-२४ मध्ये शार्क्सनी त्यातले १९ जिंकले आणि ते ३२वे आले. २०२४-२५ मध्ये २० जिंकले आणि पुन्हा ३२वे. म्हणजे वर्षभरात प्रगती एका विजयाची. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, गाठायला साधारण पंचेचाळीस विजय लागतात. या चालीने गेलो तर अजून पंचवीस वर्षं.

हे लिहितोय तेव्हा २०२५चा ऑगस्ट चालू आहे, नवा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईल. माझं उत्तर ‘हो, आहे’ असंच आहे. पण हे उत्तर दिल्यावर समोरचा लगेच मान डोलावून “हो ना, तो सेलेब्रिनी आहे ना!” म्हणतो (सेलेब्रिनी म्हणजे संघाचा नवा तरुण तारा), तिथे माझी गाडी अडते. कारण माझं ‘हो’ त्याच्यामुळे नाही. म्हणजे त्याच्यामुळे आहेच, पण त्याच्या एकट्यामुळे असतं तर मी ‘नाही’ म्हटलं असतं.

थोडं मागे जावं लागेल. २३ एप्रिल २०१९. प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना, समोर व्हेगास. मी वरच्या मजल्यावर, जवळजवळ छताला टेकून बसलो होतो. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागात शार्क्स ०-३ पिछाडीवर. लोक जॅकेट घालायला लागलेले. तेवढ्यात कर्णधार जो पावेल्स्की फेसऑफनंतर (पंच पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करतात तो) धक्का लागून पडला, डोकं बर्फावर आपटलं आणि रक्त आलं. अख्खं स्टेडियम गप्प. पंचांनी व्हेगासच्या खेळाडूला पाच मिनिटांची मोठी पेनल्टी दिली, म्हणजे तेवढा वेळ त्यांचा एक खेळाडू कमी. हॉकीत छोट्या पेनल्टीत समोरच्याने गोल केला की शिक्षा तिथेच संपते, मोठीत मात्र पूर्ण पाच मिनिटं भरावी लागतात, कितीही गोल होवोत. शार्क्सनी त्या पाच मिनिटांत चार केले. चार! अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. व्हेगासने शेवटच्या मिनिटात बरोबरी साधली आणि मग जादा वेळेत बार्कले गुड्रोने सामना काढला. (ती पेनल्टी एवढी मोठी नव्हतीच असं पुष्कळांचं म्हणणं पडलं. पुढच्या हंगामापासून पंचांना अशा पेनल्ट्या व्हिडिओवर तपासायची मुभा मिळाली. आम्ही अर्थातच त्यावर बोलत नाही.)

त्या वर्षी शार्क्स पुढच्या फेरीत कोलोरॅडोला हरवून सेंट लुईसकडून हरले. तेव्हापासून आजपर्यंत प्लेऑफचा एकही सामना नाही. आणि त्या वसंतात वाटेत आलेल्या याच दोन संघांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं मला हल्ली वाटू लागलंय.

कोलोरॅडोकडे आधी बघू. २०१६-१७ मध्ये ते शेवटचे आले होते, फक्त ४८ गुण. विजयाला दोन गुण आणि जादा वेळेत हरलात तर एक, असा हिशोब असतो. त्यात ४८ म्हणजे शोभाच. शेवटच्या संघाला नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पण ती ठरते सोडतीने. कोलोरॅडोचं नशीब तिथेही फुटकं निघालं आणि ते घसरले थेट चौथ्या क्रमांकावर. तिथे त्यांनी केल मकार नावाचा बचावपटू घेतला. २०२२मध्ये त्यांनी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, उचलला तेव्हा त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मकार होता. सोडत हरलेला संघ पाच वर्षांत विजेता झाला.

आता याच्या उलटं बघा. एडमंटनला २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. तीन वर्षं लॉटरी! आणि प्लेऑफ दिसला कधी, तर २०१७मध्ये, तोही २०१५ला चौथ्यांदा पहिली निवड मिळून कॉनर मॅकडेव्हिड आल्यावर. बफलोची गोष्ट तर सांगवत नाही. तिथे २०११नंतर २०२५पर्यंत प्लेऑफ झालेलाच नाही. मध्ये दोन वेळा पहिली निवड, दोन वेळा दुसरी. त्या दुसऱ्या निवडीतले दोघं म्हणजे सॅम राइनहार्ट आणि जॅक आइकल. दोघंही आज कप जिंकलेले खेळाडू आहेत; एक फ्लोरिडाकडून, दुसरा व्हेगासकडून. बफलोने ओळखलं बरोबर, आणलं बरोबर, आणि मग गमावलं.

हे असं का होतं, याचं मला पटलेलं उत्तर रायन ओ’रायलीने दिलंय. तोही बफलोचाच. २०१८च्या वसंतात, असाच एक हंगाम तळाला संपल्यावर, त्याने पत्रकारांसमोर मोकळेपणाने सांगून टाकलं की हरणं आपल्याला चालून जायला लागलंय आणि खेळातली गोडी अधूनमधून नाहीशी होते. बफलोने त्या जुलैमध्ये त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. सेंट लुईसही जानेवारी २०१९च्या सुरुवातीला संपूर्ण लीगमध्ये शेवटचे होते. जूनमध्ये ते विजेते झाले आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ओ’रायलीला ट्रॉफी मिळाली. म्हणजे आम्हाला ज्यांनी हरवलं त्यांच्यातला मुख्य माणूस वर्षभरापूर्वी हरण्याला सरावलेला होता.

म्हणून मी हरणाऱ्या संघाकडे बघताना गुण मोजायचं सोडून दिलंय. मी बघतो ते हे: हरणं यांनी ठरवून पत्करलंय की ते अंगवळणी पडलंय?

शार्क्सनी ते ठरवून पत्करलं, पण उशिरा. १९९८ ते २०१९ या काळात खेळल्या गेलेल्या हंगामांपैकी फक्त दोन सोडले तर प्रत्येक वेळी हा संघ प्लेऑफमध्ये होता. कप मात्र एकही नाही. अंतिम फेरी एकदाच, २०१६मध्ये, आणि तिथे पिट्सबर्गकडून हार. ‘यंदा नक्की’ या आशेवर त्यांनी वय वाढत चाललेल्या खेळाडूंना आठ-आठ वर्षांचे करार दिले: व्लासिक, कूट्यूर, कार्लसन. एरिक कार्लसनला वर्षाला साडेअकरा मिलियन डॉलर! लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, त्यामुळे असा एक करार चुकला की घरातली खोली भाडेकरूने अडवावी तसं होतं. शिवाय कार्लसनला ऑटावाकडून आणताना ड्राफ्टमधली जी निवड त्यांना देऊन टाकली होती, ती शार्क्सच घसरल्यामुळे २०२०मध्ये तिसरी ठरली. ऑटावाने तिच्यात टिम श्ट्युत्स्ले घेतला. तळाला गेलो आणि तळाचा मोबदलाही दुसऱ्याच्या खिशात. तो उन्हाळा मला अजून आठवतो.

२०२२मध्ये माइक ग्रियर जनरल मॅनेजर झाले आणि आवराआवर सुरू झाली. बर्न्स गेला, मायर गेला, हर्टल गेला. २०२२-२३ मध्ये कार्लसनने बचावपटू असून १०१ गुण मिळवले, म्हणजे गोल आणि पास मिळून. तीस वर्षांत कोणा बचावपटूला शंभरी गाठता आली नव्हती. ग्रियरनी त्या उन्हाळ्यात त्यालाही पिट्सबर्गला पाठवलं. नोव्हेंबर २०२३मध्ये शार्क्स घरच्या मैदानावर व्हँकूव्हरकडून १-१० हरले. दोन दिवसांनी २-१०. दुसऱ्या सामन्यात समोर पिट्सबर्ग होतं, आणि त्यांच्या जर्सीत कार्लसन. मी त्या सामन्याला गेलो होतो. आठव्या गोलनंतर कॉफी घ्यायला उठलो आणि परत जागेवर गेलो नाही.

पण त्या सौद्याचा धागा पुढे ओढून बघा. कार्लसनच्या बदल्यात पिट्सबर्गची पहिल्या फेरीची निवड मिळाली. ती २०२४मध्ये चौदावी निघाली. ग्रियरनी तिच्यात दुसऱ्या फेरीतली एक निवड मिळवून बफलोला दिली, आणि अकराव्या क्रमांकावर चढून सॅम डिकिन्सन घेतला. उंचापुरा, पक घेऊन स्वतः वर धावणारा बचावपटू. कार्लसन गेला आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा आला, हे सगळ्यांना दिसत नाही, कारण सगळे सेलेब्रिनीकडे बघत असतात. तसाच यारोस्लाव आस्कारोव्ह. नॅशव्हिलकडे हा तरुण रशियन गोलरक्षक नुसता वाट बघत बसला होता. ऑगस्ट २०२४मध्ये शार्क्सनी त्याला आणलं. गोल करणारी मुलं तळाच्या संघाला आपोआप मिळतात, ड्राफ्टच्या वरच्या टोकाला बहुतेक तीच असतात. गोल अडवणारी शोधावी लागतात. एडमंटनने वर्षानुवर्षं तिथेच मार खाल्ला.

आता सेलेब्रिनी. २०२४ची सोडत शार्क्स जिंकले आणि मॅकलिन सेलेब्रिनी आला. अठराव्या वर्षी, दुखापतीमुळे बारा सामने हुकूनही, ७० सामन्यांत २५ गोल आणि ३८ पास. आकडे सोडा. पक हातातून सुटला की तो परत मिळवायला जो जीव तोडून मागे धावतो, ते बघायला या एकदा. लहानपणी तो इथल्याच ज्युनियर शार्क्सकडून खेळलाय, आणि पहिल्या हंगामात राहिला कुठे, तर जो थॉर्नटनच्या घरी! थॉर्नटन म्हणजे आमच्या त्या सगळ्या अपुऱ्या वर्षांचा नायक. रोज जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी गप्पा मारणारा मुलगा हरण्याला सरावेल असं मला वाटत नाही. हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. यंदा सोडत हुकली तरी जूनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मायकेल मीसा मिळाला, आणि २०२३चा चौथा विल स्मिथ आहेच.

मग काळजी कसली? तर गेल्या हंगामातल्या हरण्याची तऱ्हा. २०२३-२४ मध्ये पहिल्या दहा मिनिटांत निकाल कळायचा. २०२४-२५ मध्ये हे लोक आघाडी घेऊन तिसऱ्या भागात सामना घालवायचे. मला ती प्रगती वाटते. माझ्या बायकोला तो जास्त क्रूर प्रकार वाटतो. ती सोबत येणं बंद झालीय. पण अशा जवळच्या पराभवांचं दुसरं वर्ष धोक्याचं असतं. पहिल्या वर्षी मुलं चिडतात, दुसऱ्या वर्षी खांदे उडवतात. या जुलैत ग्रियरनी दिमित्री ओर्लोव्हसारखा कप जिंकलेला बचावपटू घेतला तो त्यासाठीच असावा. सोबत जेफ स्किनरलाही घेतलंय, ज्याला पहिला प्लेऑफ सामना खेळायला हजाराहून जास्त सामने थांबावं लागलं. त्यातली बरीच वर्षं बफलोत. कोणाला माहीत, वाट बघण्याचा अनुभवही लागत असेल.

माझ्या लेखी खरी परीक्षा १ जुलै २०२६ला आहे. सेलेब्रिनीचा पहिला करार तीन वर्षांचा, २०२७पर्यंतचा. पुढच्या जुलैपासून त्याला नवा करार करता येईल. पैसा हा प्रश्न नाही, पगाराची मर्यादा ९५.५ मिलियनवरून दोन वर्षांत ११३.५ मिलियनवर जाणार आहे, सगळ्यांकडेच पैसा असेल. त्याने त्या उन्हाळ्यात लवकर आणि लांबचा करार केला, तर ड्रेसिंग रूमच्या आत काय चाललंय ते आपल्याला बाहेरून कळेल. तोपर्यंत त्याने लांबणीवर टाकायला सुरुवात केली, तर मला परत विचारू नका.

भाच्याने मागच्या महिन्यात मोरपंखी जर्सी घेतली, पाठीवर सेलेब्रिनीचा ७१. घालून दाखवायला आला. मी त्याला सांगितलं की शार्क्सच्या दुसऱ्या हंगामात, १९९२-९३ला, संघ ८४ पैकी ११ सामने जिंकला होता आणि हरले होते नेमके ७१. त्याचा चेहरा पडला.

“मामा, मग पुढच्या वर्षी?”

पुढच्या वर्षी ते डॅली सिटीच्या जुन्या हॉलमधून सॅन होजेच्या नव्या स्टेडियमात आले, आठव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये शिरले, आणि पहिल्याच फेरीत अव्वल डेट्रॉइटला त्यांच्याच घरी सातव्या सामन्यात बाहेर काढलं. जेमी बेकरचा गोल. त्याला तो व्हिडिओ लावून दिला. तीनदा बघितला त्याने.